जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मध्ये ऐपतीचा दाखला

जगात जर्मनी, भारतात परभणी.

ही म्हण आमच्याकडं शेंबडं पोरगंही फेकतं. एसटीत, पानटपरीवर, लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या भाषणात. फेकणाऱ्यानं जर्मनी पाहिलेली नसते आणि जर्मनीतल्या कुणाला परभणी ठाऊक नसते. तरी छाती फुगते. मी पिंगळीचा. परभणीच्या पुढचं स्टेशन, पूर्णेच्या अंगाला. पॅसेंजर थांबते, एक्स्प्रेस धूळ उडवत निघून जाते. लहानपणी आम्ही रुळाच्या कडेला उभं राहून गाडीतल्या माणसांना हात करायचो. ती माणसं कुठं चालली हे कळायचं नाही. आपण कुठंच चाललो नाही एवढं पक्कं कळायचं.

तर दोस्तांनो, मला जर्मनीला जायची संधी आली होती. हसू नका. खरंच आली होती.

शहरातल्या एका मोठ्या विद्यापीठात मी अर्थशास्त्रात एम.ए. करत होतो. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की बाकीची विद्यापीठं 'आम्ही नाही त्यातले' म्हणून हात झटकतील. एक दिवस नोटीस बोर्डावर कागद लागला. स्टुडंट एक्स्चेंज. एक सेमिस्टर जर्मनीत. तिथली फी माफ, इथली फी नेहमीसारखी भरायची. तिथं मिळवलेले क्रेडिट इथं धरले जातील. निवड गुणवत्तेवर. आणि खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: प्रवास, राहणं, जेवण, विमा, व्हिसा विद्यार्थ्यानं स्वतःच्या खर्चानं करावा.

सगळी मेख त्या मुंगीच्या पायात आहे. आधी मीही ती वाचली नव्हती. गुणवत्ता हा शब्द वाचला आणि अर्ज टाकला. मार्क होते. नाव लागलं.

नाव लागल्यावर विद्यापीठाच्या परदेशी विभागातल्या बाईंनी बोलावलं. बाई चांगल्या होत्या, चहा पाजला. मग विचारलं, "स्पॉन्सर कोण?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे पैसे कोण दाखवणार?"

जर्मनीचा नियम असा की शिकायला येणाऱ्या पोरानं महिन्याचा खर्च आधी बँकेत अडकवून दाखवायचा. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे महिन्याला ९९२ युरो. सहा महिन्यांचे होतात ५,९५२. आजच्या भावानं सहा लाख रुपयांच्या आसपास. वर विमानाचं तिकीट, व्हिसाची फी, विमा. हे पैसे खर्च नंतर व्हायचे, पण दाखवायचे आधी. फी माफ आहे ना, मग अडचण काय? अडचण ही की बाकावर बसायचे पैसे माफ आहेत, पण बाकापर्यंत पोचायचे नाहीत.

माझा बा परभणीच्या मोंढ्यात पोती उचलतो. माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचते, सोयाबीन काढते. मी शिकलो ते भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर. ती मिळवायला दरवर्षी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. घरातलं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, असं लिहून आणायचं. आत असेल तर शिष्यवृत्ती, बाहेर गेलं तर नाही. म्हणजे मी गरीब आहे हे सरकारी शिक्क्यानिशी शाबीत करायचं. ते मी शाबीत केलं. दरवर्षी केलं. त्यात मला लाज वाटली नाही, कारण गरिबी मी केलेली नाही.

आता बाई म्हणाल्या, बँकेच्या कागदांबरोबर ऐपतीचा दाखलाही जोड. तोही तहसीलमधूनच मिळतो.

दोस्तांनो, हा विनोद नीट समजून घ्या. एकच तहसील, एकच पोरगं, एकच बाप. पहिल्या खिडकीवर सांगायचं, साहेब, आमच्याकडं काही नाही, शिक्का मारा. दुसऱ्या खिडकीवर सांगायचं, साहेब, आमच्याकडं सहा लाख आहेत, शिक्का मारा. पहिला दाखला नसेल तर हिंदुस्थानात शिकता येत नाही. दुसरा नसेल तर हिंदुस्थानाबाहेर शिकता येत नाही. दोन्ही दाखले एका माणसाला खरेपणानं मिळूच शकत नाहीत. म्हणजे जो शिष्यवृत्तीला पात्र आहे तो एक्स्चेंजला अपात्र आहे. ही कुणाची चूक नाही, कुणाचा गैरसमज नाही. ही रचना आहे.

एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल. तुमचं पोरगं आमच्याकडं, आमचं तुमच्याकडं. आमच्या गावात पोरी देण्या-घेण्याच्या अशा व्यवहाराला साटंलोटं म्हणतात. आणि गावातलं कुणीही सांगेल की साटंलोटं बरोबरीच्या घरांत होतं. ज्याच्या दारात बैलजोडी नाही त्याच्याशी कुणी साटंलोटं करत नाही. विद्यापीठांचं साटंलोटंही तसंच. तिकडच्या विद्यापीठाच्या पोराला इकडं यायला त्याचं सरकार पैसे देतं किंवा त्याच्या बापाला परवडतं. इकडून जाणाऱ्याला फक्त बाप. आणि ज्याचा बाप मोंढ्यात पोती उचलतो त्याचं काय? त्याला गुणवत्ता यादीत नाव मिळतं. ते चौकटीत लावून घ्यावं.

कुणी म्हणेल, अरे, सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत की. आहेत. मोजून दाखवतो.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. सत्तर वर्षांत फुगून फुगून किती झाली? सगळ्या देशाला वर्षाला १२५ जागा, त्यात अनुसूचित जातींना ११५. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावची, तिच्या जागा ७५. त्यातही २०२४ साली टक्केवारीच्या आणि पैशाच्या नव्या अटी घातल्या आणि महाराष्ट्रभर ओरड झाली. केंद्राच्या शिष्यवृत्तीचा जुलै २०२५ मधला तमाशा तर ताजा आहे. निवडले १०६ आणि आधी पत्रं दिली ४० जणांना. उरलेल्यांना सांगितलं, पैसे उपलब्ध झाले तर बघू. तिकडं विद्यापीठ सुरू व्हायची तारीख ठरलेली आणि इकडं पोरगं 'बघू'वर लटकलेलं. हेलिकॉप्टरला पैसे असतात, पुतळ्याच्या उद्घाटनाच्या मांडवाला असतात. पोराला पत्र द्यायच्या वेळी तिजोरीला खोकला येतो.

आणि या दोन्ही शिष्यवृत्त्या पूर्ण पदवीसाठी. एम.ए., एम.एस., पीएच.डी. तिथं जाऊन पूर्ण करणार असाल तर. इथल्याच पदवीतलं एक सेमिस्टर तिकडं करायचं असेल, तर त्यात खातंच नाही. सहा महिन्यांच्या परदेशाला आमच्यासाठी सरकारी वहीत रकानाच आखलेला नाही. ज्याचा रकाना नाही त्याची मागणी नाही, मागणी नाही म्हणून रकाना नाही. बसा फिरत.

२०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं परदेशी विद्यापीठांशी जोडून अभ्यासक्रम चालवायचे नियम काढले. तिकडं मिळवलेले ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट इथल्या पदवीत धरता येतील, असं ट्विनिंगला ठरवलं. उत्तम. पण असं साटंलोटं कुणी करायचं? ज्या संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण आहेत, नाहीतर जी देशाच्या पहिल्या शंभर विद्यापीठांत आहे तिनं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा भरलेल्या नाहीत, तासावरच्या मास्तरावर गाडा चाललाय. ते कुठून ३.०१ आणणार? म्हणजे पिंगळीच्या पोरानं आधी शहरात जायचं, शहरात टिकायचं, मग यादीत यायचं, मग मुंगीच्या पायातली अक्षरं वाचायची.

पैसा नाही म्हणून होत नाही, ही थाप आहे. परभणीतच पुरावा आहे. जागतिक बँक आणि केंद्र सरकार यांनी निम्मे निम्मे पैसे घालून राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प चालवला, ११०० कोटींचा. त्या पैशावर कृषी विद्यापीठांतली पोरंपोरी परदेशी प्रशिक्षणाला पाठवली. आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातली पोरंही गेली आणि परत आली. कुणाच्या बापाला ऐपत विचारली नाही. म्हणजे सरकारच्या पैशानं परभणीहून पोरगं विमानात बसवता येतं. मनात आलं की येतं. ड्रोन शिकायला येतं, तर अर्थशास्त्र, कायदा, इतिहास शिकायला का येत नाही?

याचं उत्तर मला मुलाखतीत मिळालं.

पैशाचं कोडं सुटायच्या आधी एक मुलाखत होती. तीन जण बसलेले. इस्त्रीचे कपडे, इस्त्रीचं मराठी, इस्त्रीचं हसू. विचारलं, "तुम्ही तिथं आपल्या संस्कृतीचे दूत असाल. सांस्कृतिक संध्याकाळ असते. तुम्ही काय सादर कराल?" माझ्या आधीच्या पोरीनं कथ्थक सांगितलं होतं. तिच्या आधीच्यानं गणपती आणि मोदक. मी म्हटलं, हलगी वाजवीन. आणि आमच्या मराठवाड्यात एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला, त्यावर आमच्या वस्त्या जाळल्या, माणसं मारली आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, ते सांगीन.

खोलीत पंख्याचा आवाज मोठा झाला.

एक गृहस्थ म्हणाले, "ते ठीक आहे. पण तिथं देशाची चांगली बाजू मांडायची असते."

मी विचारलं, "साडेपंधरा वर्षं लढून विद्यापीठाचं नाव मिळवलं, ही चांगली बाजू नाही?"

ते हसले. तसलं हसू तुम्हाला ठाऊक आहे. त्याला दात असतात पण ते दिसत नाहीत.

या लोकांच्या संस्कृतीचा आणि परदेशाचा इतिहास बघा म्हणजे गंमत कळेल. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, हा यांचाच कायदा. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा केवढा गदारोळ उठवला होता. विलायतेहून आलेल्याला पंचगव्य पाजून शुद्ध करत होते, गाईचं शेण आणि मूत. काल शेण खाऊन आत आले आणि आज पासपोर्टची बुकं यांच्याच फडताळात. मुलगा म्युनिचला, सून टोरोंटोला, स्वतः सहा महिने इकडं सहा महिने तिकडं. समुद्र तोच आहे. धर्म मात्र आता बुडत नाही, कारण धर्माला डॉलर लागले. आमचे पूर्वज फौजेत आणि जहाजांवर हमाली करत तोच समुद्र ओलांडत होते, त्यांना कुणी संस्कृतीचा दूत म्हटलं नाही.

आणि ही 'चांगली बाजू' फक्त मुलाखतीतल्या तीन टाळक्यांची नाही. ती सरकारची आहे. २०२२ साली केंद्रानं परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमावलीत एक कलम घातलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. नीट वाचा. अनुसूचित जातीच्या पोरानं सरकारी पैशानं परदेशात जाऊन भारतातल्या समाजाचा अभ्यास करायचा नाही. यंत्र शिक, औषध शिक, संगणक शिक. जात शिकायची नाही. ती इथं भोग, तिथं सांगू नको.

आता १९१६ सालात चला. न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठ. ९ मे. पंचवीस वर्षांचा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये उभा राहतो आणि निबंध वाचतो. विषय भारतातल्या जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. भारतावरचा सामाजिक अभ्यास! आजच्या नियमानं हा अर्ज पहिल्याच टेबलावर बाद झाला असता. ज्यांच्या फोटोला १४ एप्रिलला मंत्रालयात हार घालतात, त्यांच्या विषयाला शिष्यवृत्तीत बंदी. हार घालणारा हात आणि कलम लिहिणारा हात एकाच धडाचे आहेत.

बाबासाहेबांच्या परदेशाची गोष्ट आपण पोवाड्यासारखी सांगतो, हिशेबासारखी सांगत नाही. हिशेब असा. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ साली तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करायचा करार. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला खोली मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कोलंबियाचा एम.ए. रस्त्यावर. मग मुंबईत सिडनॅम कॉलेजात शिकवलं, पै-पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्रानं कर्ज दिलं आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धा टाकलेला अभ्यास पुरा केला. त्याच काळात, १९२१ साली, जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडं अर्ज केला. त्यासाठी जर्मन भाषेत स्वतःच्या हातानं लिहिलं. तिथलं शिक्षण पुरं झालं नाही. पण जगात जर्मनी म्हणजे काय हे आमच्यातल्या एका माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

हा हिशेब काय सांगतो? एका संस्थानिकाच्या मनात आलं म्हणून एक माणूस गेला. दुसऱ्याच्या मनात आलं म्हणून पुन्हा गेला. लोकशाहीत संस्थानिकाच्या मनाची जागा हक्कानं घ्यायला पाहिजे होती. तिथं ऐपतीचा दाखला येऊन बसला.

आणखी एक दाखला आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही. पोलिसांचा.

पासपोर्टला पोलीस चौकशी लागते. कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ प्रमाणं पासपोर्ट नाकारता येतो. मग कोर्टाची परवानगी आणा, वकील करा, तारखा घ्या. आता परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४. रेल्वे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद. दगडफेक, जाळपोळ झाली, मग पोलीस आमच्या वस्त्यांत शिरले, पोरं उचलली, गुन्हे लागले. उचललेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला पुढल्या वर्षी हायकोर्ट लागलं.

सोमनाथ कायदा शिकत होता. तो कुठपर्यंत शिकला असता, कुठल्या देशात गेला असता, गेलाच नसता, हे कुणीच सांगू शकत नाही. सांगायची सोयच ठेवली नाही. आणि जे जिवंत आहेत, ज्यांची नावं त्या गुन्ह्यांत आहेत, त्यातल्या एखाद्या पोराचं उद्या गुणवत्ता यादीत नाव लागलं तर? संविधानासाठी रस्त्यावर उतरला म्हणून त्याचा पासपोर्ट अडणार. मोर्च्यात न जाणाऱ्या, दिवाणखान्यात बसून कथ्थक शिकणाऱ्या पोराचं चारित्र्य मात्र स्वच्छ. दूत होण्यासाठी स्वच्छ चारित्र्य लागतं ना!

आता आपल्याच लोकांना चार शब्द. हे पान फक्त दुसऱ्यांना शिव्या द्यायला नाही.

आपल्यात एक जात आहे कडव्यांची. ते म्हणतात, कसलं फॉरेन? हे मध्यमवर्गी चोचले आहेत. गावात पाणवठ्याचा प्रश्न सुटला नाही आणि हा निघाला जर्मनीला. भाऊ, पाणवठ्याचा प्रश्न सुटेपर्यंत आम्ही पिंगळीतच बसायचं का? महाडचं तळं १९२७ साली ज्यानं पेटवलं तो न्यूयॉर्क आणि लंडन करून आला होता. बाहेर जाणं आणि लढणं यांचं भांडण लावणारे तुम्ही कोण? कष्टकऱ्याच्या पोरानं पुस्तकाला हात लावला की 'मध्यमवर्गी झाला' म्हणायचं आणि सवर्णाच्या पोरानं हॉटेलात मार्क्स वाचला की 'क्रांतिकारक' म्हणायचं. हे धंदे बंद करा.

दुसरी जात आहे उडून गेलेल्यांची. आपल्या नावच्या जागेवर गेले, पदवी घेतली, तिथंच नोकरी, तिथंच घर, आडनावाचं स्पेलिंग बदललं आणि बौद्ध वस्तीचा रस्ता विसरले. त्यांना वाटतं, विमान उडालं की जात खाली राहते. राहत नाही. ती हातातल्या पिशवीतून जाते. तिकडंही आपल्याच देशाचे लोक आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात, गावावरून कळलं नाही तर 'तुम्ही व्हेज का?' विचारतात. अमेरिकेतल्या सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नरनं ते अडवलं. विरोध कुणी केला? आपल्याच संस्कृतीच्या दूतांनी.

तिसरी जात आपली सगळ्यांची. फोटोवाल्यांची. बाबासाहेब परदेशात शिकले हे आपण बॅनरवर छापतो आणि आपल्या वस्तीतल्या पोरीला पासपोर्टचा अर्ज कसा भरायचा हे सांगायला एक माणूस उभा करत नाही. जयंतीचा डीजे किती रुपयांचा असतो? त्या पैशात किती पोरांची व्हिसाची फी भरली जाईल, याचा हिशेब प्रत्येक मंडळानं मांडावा. राग आला? येऊ द्या.

माझ्या मायनं विचारलं होतं, "सहा म्हयन्यात काय शिकून येणार रं तू?"

मी तिला तेव्हा नीट सांगू शकलो नाही. आता सांगतो. माय, सहा महिन्यात पुस्तकं फार वाचून होत नाहीत. पण ज्या वर्गात आडनाव ऐकून मास्तराचा चेहरा बदलत नाही, अशा वर्गात माणूस सहा महिने बसला तर त्याला कळतं की इथं बदलणारा चेहरा हा काही निसर्गाचा नियम नाही. मग परत आल्यावर त्याला भीती दाखवता येत नाही. जे शिकायचं ते एवढंच, आणि हेच शिकू नये म्हणून एवढे दाखले.

ती म्हणाली, "मंग जा की."

बानं मोंढ्यातल्या मुकादमाकडं उचल मागायची तयारी केली. खासगी सावकार शेकडा पाच म्हणाला, महिन्याला. बँकेनं तारण मागितलं. आमच्याकडं तारण द्यायला दोन पत्र्याच्या खोल्या आणि भिंतीवरचा एक फोटो. मी बाला नको म्हटलं. सहा महिन्यांच्या जर्मनीसाठी सहा वर्षांची परभणी गहाण ठेवायची माझी तयारी नव्हती. तारीख निघून गेली. माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही, ती रिकामीच गेली. यादीत माझं नाव मात्र राहिलं. विद्यापीठाच्या अहवालात ते 'समावेशकता' या रकान्यात मोजलं असणार.

मी रडगाणं गायला लिहीत नाही. माझं वय गेलं तरी पिंगळीच्या शाळेत आज पोरी आहेत. त्यांच्यासाठी या मागण्या. आपल्या प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक कॉलेजात या भिंतीवर लिहा.

१. राज्याच्या आणि केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीत एका सेमिस्टरसाठी वेगळं खातं उघडा. तिकीट, व्हिसा, विमा, राहणं सगळं धरून. आणि पत्र वेळेत द्या. परदेशी वकिलातीत शिष्यवृत्तीचं पत्र पैशाच्या पुराव्यासारखं चालतं. म्हणजे बापाकडं सहा लाख नको, सरकारचं एक पत्र पुरे.

२. 'स्वतःच्या खर्चानं' असं लिहिलेली एक्स्चेंजची नोटीस विद्यापीठानं लावायची नाही. लावली तर फाडा.

३. गेल्या दहा वर्षांत एक्स्चेंजवर कोण गेलं, त्यात अनुसूचित जातीजमातीचे, भटक्या-विमुक्तांचे किती, याची यादी प्रत्येक विद्यापीठानं जाहीर करावी. माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात. डीजेपेक्षा स्वस्त.

४. भारताच्या समाजावर अभ्यास करायला घातलेली २०२२ ची बंदी काढा.

५. संविधानासाठी रस्त्यावर उतरलेल्या परभणीच्या विद्यार्थ्यांवरचे गुन्हे मागं घ्या. एकाही पोराचा पासपोर्ट त्यासाठी अडता कामा नये.

६. समाजकल्याणच्या वसतिगृहांत इंग्रजी आणि एका परदेशी भाषेचे वर्ग चालवा. बाबासाहेब जर्मन शिकले होते, आपण वॉर्डनच्या शिव्याच शिकायच्या काय?

हे मिळेल का? मागून मिळालं असतं तर एका नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली नसती. म्हणून मागायचं नाही, घ्यायचं. आधी माहिती काढायची, मग यादी छापायची, मग कुलगुरूच्या दारात बसायचं.

पिंगळीच्या स्टेशनावर आजही एक्स्प्रेस थांबत नाही. पोरं आजही रुळाच्या कडेला उभी राहून हात करतात. गाडीतून कुणी उलटा हात करत नाही. दोस्तांनो, हात करायचे दिवस संपवा. साखळी ओढायला शिका.

जय भीम.